डालग्याखालचं देवभात

कृष्णातला तणनाशकाच्या कामात कुणी ओढलं असेल, तर ते त्याच्या आईच्या पायांनी.

राहीबाईचे पाय पावसाळाभर चिखलात असायचे. शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेच्या अंगाला खिरणवाडी नावाचं गाव. तिथं पावसाळ्यात भाताशिवाय दुसरं काही घेता येत नाही. भात म्हटलं की तण आलंच, आणि तण म्हटलं की भांगलण, म्हणजे हातानं तण उपटत जाणं. बाया ओळीनं वाकायच्या त्या दिवस मावळतीला जाईपर्यंत सरळ व्हायच्या नाहीत. आषाढ सरता सरता राहीबाईच्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या पडायच्या. कातडं पांढरंफेक, भिजवलेल्या पावासारखं फुगलेलं, आणि त्याला एक वास. संध्याकाळी ती चुलीपुढं पाय पसरून बसायची, बेचक्यांत तेल आणि हळद भरायची आणि त्याच हातानं, धुऊन का होईना, भाकरी थापायची. लहानपणी कृष्णातला ती भाकरी घशाखाली उतरायची नाही. आईची माया वगैरे सगळं खरं, पण किळस यायची ती यायचीच. आणि किळस आली म्हणून पुन्हा स्वतःचीच लाज वाटायची.

वडील पलटणीत होते. पेन्शनीवर आले आणि फार दिवस टिकले नाहीत. त्यांच्या माघारी पोरगा शेतकी कॉलेजात शिकला आणि कऱ्हाडच्या बाजूला एका सरकारी भात संशोधन केंद्रावर नोकरीला लागला. तिथं त्यानं पहिल्या दिवसापासून एकच ध्यास घेतला. पंपातून औषध मारावं, तण जळून जावं, भात तेवढं उभं राहावं, आणि कुठल्याही बाईनं त्यासाठी चिखलात वाकू नये.

बोलायला सोपं आहे. तण मारणारी औषधं तेव्हा नुकती कुठं मिळायला लागली होती, पण कडक मारलं की तणाबरोबर भातही मान टाकायचं आणि बेतानं मारलं की तण हसत उभं राहायचं. म्हणजे औषध सोसणारं भातच शोधायला हवं होतं. कृष्णातनं गावोगावची भातं गोळा केली, वाफ्यांत लावली आणि दर हंगामाला त्यांच्यावर औषध मारत राहिला. त्या औषधाचा वास म्हणजे दवाखान्याची फरशी आणि आंबलेला गूळ एकत्र केल्यासारखा. तो नखांत बसायचा, केसांत बसायचा, डब्यातल्या चटणीला यायचा. वाफेच्या वाफे पिवळे पडून सडायचे. त्या सडलेल्या वाफ्यांत गुडघाभर चिखलातून हिंडत, जी चार रोपं तग धरून असतील ती तो खुणेची काडी लावून राखायचा, त्यांचं बी धरायचा आणि पुढच्या साली त्यांच्यावर आणखी कडक औषध मारायचा. अशी काही वर्षं घातल्यावर एक वाण हाताला लागलं. सगळं तण करपून जमिनीला टेकलं तरी ते हिरवंगार. त्या दिवशी कृष्णात बांधावर बसून एकटाच हसला होता.

नाव मात्र साहेबांनी ठेवलं. तणजित.

साहेब म्हणजे लालासाहेब, केंद्राचे प्रमुख. पलूसकडच्या उसाच्या घरातला माणूस. भाताच्या चिखलात त्यांचं पाऊल कधी पडलं नाही, पण फोटो काढायचा असला की धोतराचा सोगा वर धरून बांधापर्यंत येत. त्यांना आगपेटीच्या काडीनं कान कोरायची सवय होती. कोरून झालं की ते काडी निरखून बघत, मग नाकाशी नेऊन हुंगत आणि पुन्हा सदऱ्याच्या खिशात ठेवत. कृष्णात समोर उभा असला की त्याला दुसरीकडं बघायची पाळी यायची. असल्या माणसाच्या हाताखाली दिवस काढायचे म्हणजे पोट घट्ट लागतं, आणि कृष्णातचं पोट मुळातच नाजूक.

वाण झालं, आता बियाणं वाढवायला हवं होतं. बियाण्याच्या शेताजवळ दुसरं भात नको, देवभात तर मुळीच नको, हा नियम. कृष्णातनं आपलंच घरचं रान पुढं केलं. परक्याच्या बांधावर कुणाचा भरवसा धरायचा? आपल्या घरी आपली आई आहे, सांगू तसं करेल. असं त्याला वाटलं, आणि तिथंच तो फसला.

देवभात म्हणजे भाताचा रानटी भाऊबंद. कुणी न पेरता उगवतं म्हणून देवाचं. रोप असताना भातात आणि त्याच्यात कुणालाही फरक कळत नाही. लोंबी आली की कळतं, तिला लांब लालसर कुसळं असतात. आणि दाणा पिकतोय न पिकतोय तोच झुळकीनं गळून मातीत. तो मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतो. मालकाच्या पदरात दाणा पडत नाही, पण हे मात्र आपलं आपण पेरून मोकळं. असलं निर्लज्ज तण दुसरं नाही.

पण बायांना ते हवं असतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, नांगरल्या रानातलं काही पोटात जाऊ द्यायचं नसतं. मग भात कुठला खायचा? देवभाताचा. त्यासाठी प्रत्येकीच्या बांधाच्या कोपऱ्यात दोनचार गड्डे राखलेले असतात. लोंब्या गळायच्या आत फडक्यात झटकून घ्यायच्या आणि पुढच्या पंचमीपर्यंत गाडग्यात जपायच्या, ही रीत. कृष्णातला ठाऊक नव्हती असं नाही. लहानपणापासून त्यानं तो भात खाल्ला होता. म्हणून तर पहिल्याच साली त्यानं आईला बजावलं होतं, "आये, बांधावर एक बी देवभात ठेवायचं न्हाई. मी सगळीकडं औषध मारनार हाय."

"मार की बाबा," राहीबाई म्हणाली होती. आणि विषय संपला होता.

तिसऱ्या साली, म्हणजे सत्याहत्तरच्या भादव्यात, कृष्णात ऋषिपंचमीला घरी आला. घरी जायच्या आधी तो रानात गेला. यंदा बांधाखालचं सगळं शेत तणजितचं होतं. औषध मारून दिवस झाले होते, तणाचा मागमूस नव्हता. बघून डोळे निवावेत असं पीक. आणि त्या पिकात मधेच एक लोंबी वर आलेली त्याला दिसली. एवढ्या लवकर? तो आत शिरला. लोंबीला लांब लाल कुसळ होतं. चार हातांवर दुसरी होती. मग तिसरी. एकदा डोळा बसल्यावर त्याला त्या सगळीकडं दिसायला लागल्या.

उपटून बघितलं तर रोप धडधाकट. औषधाचा एक डाग नाही. कडक औषध अंगावर घेऊन देवभात खुशाल उभं होतं.

तो घरी आला तेव्हा राहीबाईनं पान वाढलं होतं. ऋषीची भाजी आणि वाफाळता तांबूस भात. ती स्वतः नाहून, केस मोकळे सोडून देवापुढं बसली होती.

"आये," कृष्णातनं उभ्या उभ्याच विचारलं, "ह्यो भात कुठला?"

"कुठला म्हंजी? देवभाताचा. रिशीला दुसरा चालतोय व्हय?"

"त्ये न्हाई. देवभात कुठनं आनलंस? बांधावरचं तर मी जाळलं हुतं."

राहीबाई हसली. पोराची गंमत केल्यासारखी हसली. "तू जाळलंस, पर मी जाळू दिलं तर न्हवं? तू पंप घिऊन आलास की आदल्या दिशी मी कोपऱ्यातल्या गड्ड्यावर डालगं उपडं घालत हुते. वर पोतं टाकत हुते. तू फवारून गेलास की काढायचं. तीन वर्सं झाली, तुला पत्त्या न्हाई."

कोंबड्या झाकायचं डालगं! कृष्णातच्या डोळ्यांपुढं ते कोपऱ्यातलं डालगं आलं. त्यानं ते बघितलं होतं. त्याखाली कोंबडी असेल म्हणून वळसा घालून पुढं गेला होता.

"पर कशापायी? मी सांगितलं हुतं न्हवं?"

"आरं, रिशीला जनावराच्या घामाचं बी चालत न्हाई. आन तुजं त्ये घान औषिध लागल्यालं चालंल? नुस्त्या वासानं पोटात ढवळतंय. आमी बाया ह्यो उपास कशासाठी धरतो? वर्साचा इटाळ फिटावा म्हून. आन पानात वाडायचं इख? सोवळ्यातला दाना हाय त्यो, म्या त्येला औषिधाचा वारा बी लागू दिला न्हाई."

औषधाचा वारा लागला नव्हता, पण तणजितचा लागला होता. मागचे दोन हंगाम दोन्ही शेजारी शेजारी फुलोऱ्यात आली होती. भात सहसा आपलं आपल्यात उरकतं, पण देवभात म्हणजे दारं सताड उघडी टाकून बसलेली बाई. वाऱ्यानं पराग नेला, औषध सोसायचा गुण देवभातात गेला, ते गळून मातीत पडलं आणि उगवलं. कृष्णातनं औषध मारून त्याच्यासाठी रान साफ करून दिलं. इतकी वर्षं सडलेल्या वाफ्यांत नाक मुठीत धरून हिंडला, ती कमाई अशी त्या निर्लज्ज तणाच्या घशात गेली होती. त्यानं पानातला तांबूस भात बघितला. तो मागच्या दारी गेला आणि रिकाम्या पोटी ओकला.

"बघितलंस?" राहीबाई आतून म्हणाली. "रानात जाऊन आलास न्हवं? औषिधाचा वास बाधला."

दुसऱ्या दिवशी कृष्णात केंद्रावर लालासाहेबांपुढं उभा राहिला. सगळं सांगितलं. डालग्याचंही सांगितलं. आपल्याच आईचं होतं, तरी सांगितलं. साहेब कान कोरत ऐकत होते.

"मग काढून टाक की ते देवभात," ते म्हणाले.

"सगळं निघणार नाही, साहेब. काहींना अजून लोंबी नाही, ती रोपं ओळखू येत नाहीत. आणि पिकली तर गळतील, मग बियाण्याबरोबर थोडं तरी जाणारच. आपलं औषध त्याला मारू शकत नाही. एकदा कुणाच्या रानात गेलं की निघणार नाही. हे बियाणं बाहेर जाता कामा नये. मोडून टाकू या. मी परत पहिल्यापासून करतो."

साहेबांनी काडी निरखली. हुंगली. "कृष्णात, तुला ओळखू येत नाही म्हणतोस. एवढा शिकलेला तू. मग लोकांना तरी कुठं ओळखू येणार आहे?"

कृष्णातला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण साहेब शांतपणे हसत होते.

"दसरा झाला की शिवारफेरी ठरली आहे. पाहुणे यायचे आहेत. त्याच्या पुढच्या सोमवारी कापणी, आणि खळ्यावरच बियाणं वाटायचं. गावोगावचे लोक मागं लागलेत. आणि हे बघ, तुझ्या आईनं सरकारी बियाणं नासवलं हे मी कुणाला बोललो नाही. तूही बोलू नकोस. म्हातारीचं नाव कशाला चारचौघांत?" असं म्हणून त्यांनी ती काडी खिशात ठेवली, आणि त्याच हातानं कृष्णातच्या खांद्यावर थोपटलं. घरी गेल्यावर कृष्णातनं तो सदरा सोड्याच्या पाण्यात उकळून काढला.

तरी त्याला एक आशा होती. साहेब पलूसचे, त्यांना भाताचं काय सोयरसुतक? पण शिवारफेरीला येणारे शेतकरी वारणाकाठचे होते, देवभाताला शिव्या घालत म्हातारे झालेले. त्यांना खरं सांगितलं तर ते आपण होऊनच पाठ फिरवतील. मधल्या काळात तो दर रविवारी येऊन दिसेल ते देवभात उपटत राहिला, आणि दर रविवारी नव्या लोंब्या वर आलेल्या असत.

शिवारफेरीला लोक जमले. साहेबांनी हार घेतले, भाषण केलं, आयाबहिणींचे कष्ट आता संपले असं सांगून डोळेही टिपले. टाळ्या पडल्या. मग कृष्णात उठला. साहेबांनी सदरा ओढला तरी बसला नाही. शेतातून आणलेला देवभाताचा मूठभर झुबका त्यानं सगळ्यांसमोर पांढऱ्या चादरीवर झटकला. दाणे टपाटप गळले.

"बघून घ्या," तो म्हणाला. "हे तणजितात घुसलंय. ह्याला औषध लागत न्हाई. माझ्या घरच्यांच्या चुकीनं झालंय, माझ्या चुकीनं झालंय, कुणाच्या बी म्हणा. पर हे बियाणं नेऊ नका. चार वर्सांत रानात भात कमी आन हेच जास्ती दिसंल."

 साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग हरिबा पुढं झाला. खिरणवाडीतला जाणता शेतकरी, वडिलांचा दोस्त.

"किस्ना, एक सांग. बाकीचं तन मरतंय का न्हाई?"

"मरतंय."

"भांगलन वाचतीया का न्हाई?"

"दोन वर्सं वाचंल, हरिबातात्या. मग दुपटीनं..."

"दोन वर्सं लय झाली की रं!" हरिबा लोकांकडं वळून म्हणाला, आणि हशा पिकला. "म्होरचं म्होरं बघू. म्होरं तुमचं सरकार दुसरं औषिध काडंल. काय सायेब?"

"काढणारच!" साहेब म्हणाले, आणि त्यांचा रंग परत आला.

मागं बसलेल्या बायांतली एक म्हणाली, "आन देवभात आलं तर बरंच हाय की. पंचमीला हिंडाय नगं." त्यावरही हसले. मग सगळे सोमवारच्या बियाण्यावरून भांडायला लागले. आधी कुणाला, किती, ह्याच्या वशिल्याचा आणि त्याच्या सोयरिकीचा. हरिबा हळूच शेतातली एक लोंबी मोडून पटक्यात खोचायला गेला, तेव्हा कृष्णातनं त्याचं मनगट धरून ती काढून घेतली. हरिबाला राग आला नाही. तो ओशाळं हसला, आणि ते हसणं कृष्णातला साहेबांच्या काडीपेक्षा घाण वाटलं. साहेबांची त्याला शिसारी होती, ती सवयीची होती. ही आपली माणसं होती. डोळ्यांसमोर विष दाखवलं तरी थोडं थोडं द्या म्हणून पदर पसरणारी. त्याला सगळ्यांचा वीट आला. त्यानं मनाशी ठरवलं की ह्या रानातला एक दाणा बाहेर जाऊ द्यायचा नाही, मग आपलं रान गेलं तरी चालेल, नोकरी गेली तरी चालेल.

पण करायचं काय? ओल्या भाताला आग लागत नाही. एकट्यानं कापायला आठवडा गेला असता आणि गावानं पेंढ्या पळवल्या असत्या.

तशात कापणीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी बिराप्पा आला. जतकडचा धनगर. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन माणदेशातून इकडं उतरायचा. भातं निघाली की गावकरी त्याला मान देऊन बोलवायचे, कळप आपल्या रानात बसवायचे, कारण मेंढरांच्या लेंडीसारखं खत नाही. पहिला मुक्काम नेहमी राहीबाईकडं, मग बाकीचं गाव, मग वारणेच्या कडेनं खाली. यंदा तो जरा लवकर आला होता.

"मामा," कृष्णात म्हणाला, "मेंढरं आत सोडा."

बिराप्पा हसला. "पीक हुबं हाय, मालक. कापा की, मग सोडतो."

"हुब्या पिकातच सोडा."

बिराप्पाचं हसू मावळलं. "आवं, चुकून एक मेंढरू बांधावर चढलं तर लोक आमास्नी काठीनं झोडत्यात. आन तुमी सोता सोडा म्हंताय? पिकल्याल्या भातात? पाप लागंल." त्यानं खांद्यावरचं घोंगडं सावरलं आणि चालायला लागला.

त्याला थांबवलं राहीबाईनं. "सोड रं बाबा," ती दारातून म्हणाली. शिवारफेरीपासून ती पोराशी बोलत नव्हती आणि पोरगाही तिच्याशी बोलत नव्हता. "सोड. औषिधाचं पीक हाय त्ये. माज्या घरात ऱ्हायलं न्हाई तर बरंच हुईल." आणि मग, जाता जाता, अगदी सहज ती कोपऱ्याकडं वळली. तिच्या हातात डालगं होतं.

कृष्णातनं ते हिसकावून घेतलं आणि पायाखाली घालून चेचलं. राहीबाई बघत राहिली. ह्या डालग्यानंच सगळं झालं, हे तिला खरोखर कळलं नव्हतं.

दोन-अडीचशे मेंढरं भातात शिरली. बघवत नव्हतं, तरी कृष्णातनं सगळं बघितलं. कुरतडलं गेलं, तुडवलं गेलं, खाल्लं गेलं. उन्हं कलेपर्यंत तणजितच्या जागी लेंड्यांनी माखलेला चिखल उरला. तेवढ्या वर्षांची मेहनत मेंढरांच्या पोटात गेली. त्याला रडू आलं नाही. घाण धुऊन निघाल्यासारखं वाटलं. मातीत जे गळलं होतं ते त्याच्या रानापुरतं होतं. पुढच्या साली इथं ऊस लावू, नाहीतर पडीक ठेवू, पण बाहेर काही गेलं नाही. बिराप्पा मेंढरं घेऊन हरिबाच्या निघालेल्या रानाकडं गेला.

सोमवारी लालासाहेब जीपमधून उतरले, ते रिकामं रान बघून तसेच उभे राहिले. मग त्यांनी आई-बहीण एक केली. नोकरी खातो म्हणाले, तुरुंगात घालतो म्हणाले. कृष्णात हात जोडून ऐकत होता आणि मनातून इतका हलका झाला होता की साहेबांनी रागाच्या भरात खिशातली काडी काढून कानात घातली तरी त्याला आज काही वाटलं नाही. रिकाम्या पिशव्या घेऊन आलेले लोक त्याच्याकडं बघून थुंकले आणि गेले. थुंकू दे.

मग आणखी दोन दिवसांनी, सकाळी, राहीबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला. बोलणं पुन्हा सुरू करायला तिला काही तरी निमित्त हवं होतं.

"हे काय लावून घेतलंस?" म्हणत तिनं त्याच्या स्वेटरच्या बाहीला अडकलेलं काही तरी ओढून काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. त्या रविवारपासून तो तोच स्वेटर घालत होता.

लांब, लालसर कुसळ. टोकाला दाणा.

कृष्णात त्या कुसळाकडं बघत राहिला. स्वेटर लोकरीचा होता.

चहा तसाच टाकून त्यानं सायकल काढली. हरिबाच्या रानात मेंढरं नव्हती. तिथं दोन मुक्काम झाले होते. काल गावातल्याच नाथाजीच्या रानात होती, तिथूनही सकाळी हलली होती. रस्त्यानं विचारत विचारत, छाती फुटेस्तोवर पायडल मारत त्यानं खालच्या गावाच्या शिवेवर कळप गाठला. रस्ता अडवून, संथ, ओळीनं मेंढरं चालली होती, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या पाठी तांबूस दिसत होत्या.

"रामराम मालक!" बिराप्पा खूश होता. "तुमच्या भातानं मेंढरं लय भारी झाल्यात. आन ह्या साली मागनी बी लय. ह्या गावात चार ठिकानी बसवायची हायत, मग थेट नदीनं खाली."

"मामा, थांबवा. हितंच थांबवा. आजच्या आज लोकर कातरा."

"आता? थंडीच्या तोंडाला? मालक, एक बी जगनार न्हाई."

कृष्णातनं सायकल टाकली आणि पहिलं मेंढरू हाताला आलं ते धरलं. उग्र, आंबूस वास नाकात शिरला. मूत, चिखल आणि ओली लोकर. त्यानं लोकरीत बोटं घातली आणि कुसळ शोधून ओढलं. मग दुसरं. मग पोटाखालची, जिथं लेंड्यांचे गोळे सुकून चिकटले होते. एक मेंढरू झालं की दुसरं. तो कमरेतून वाकला होता आणि पुढं सरकत होता. ज्या कामातून बायांना सोडवायला निघाला होता, तेच काम तो रस्त्यात, मेंढरांच्या पाठीवर करत होता.

बिराप्पा काठीवर हनुवटी टेकून बघत उभा राहिला. त्याला गंमत वाटली.

"आवं, तुमी तर बायांवानी भांगलायच लागलासा की."

कृष्णात कुसळं उपटत राहिला. डावी मूठ भरली तेव्हा त्यानं ती उघडून बघितली. शेण आणि लोकरीचं मेण लागलेली बोटं, आणि त्यांत कुसळांचा झुबका. नुसती कुसळं. चारदोन सोडली तर एकाच्याही टोकाला दाणा नव्हता. दाणे मागंच गळले होते, हरिबाच्या रानात, नाथाजीच्या रानात, आणि येताना तो ज्या रस्त्यानं सायकल मारत आला त्या सगळ्या रस्त्यानं. त्यानं मूठ तशीच मिटली, हात धोतराला पुसला, आणि पुढचं मेंढरू धरलं.